लिमिट वाढवून मागू का?

क्रेडिट स्कोअरबद्दल या सदरात लिहिल्यापासून तुमच्या पत्रांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आहे. क्रेडिट कार्डाची लिमिट, म्हणजे कार्डावर जास्तीत जास्त खर्च करता येण्याची मर्यादा, वाढवून मागावी का, मागितली तर कशी, आणि नाकारली तर पुढे काय? मी अनेक वर्षं एका बँकेच्या कार्ड विभागात नेमके हेच अर्ज वाचायचं काम केलं आहे. टेबलाच्या पलीकडून तुमचा अर्ज कसा दिसतो ते मला ठाऊक आहे, म्हणून या वेळचं सदर पूर्ण याच विषयाला दिलं. पत्रलेखकांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.

प्रश्न : ताई, माझ्या कार्डाची लिमिट ६० हजार आहे. घरचा जवळजवळ सगळा खर्च मी कार्डावरच करते, महिन्याला ५० हजारांच्या आसपास. बिल दर महिन्याला पूर्ण भरते, कधीही उशीर केलेला नाही. तरी स्कोअर जागचा हलत नाही. मैत्रीण म्हणते, लिमिट वाढवून घे. नवरा म्हणतो, अर्ज केलास तर आहे तोही स्कोअर पडेल. कोणाचं ऐकू?

उत्तर : दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण तुमचं निम्मं काम अर्ज न करताही होण्यासारखं आहे, त्यामुळे आधी ते सांगते.

स्कोअर काढताना तुम्ही बिल वेळेवर भरलं का, एवढंच बघत नाहीत. मिळालेल्या लिमिटपैकी किती वापरून झाली आहे, हेही बघतात. त्याला युटिलायझेशन म्हणतात. ६० हजारांपैकी ५० हजार म्हणजे ८३ टक्के. अमेरिकेत १९८९ पासून वापरात असलेल्या फायको स्कोअरमध्ये वेळेवर भरण्याला ३५ टक्के वजन आहे आणि डोक्यावर किती रक्कम आहे याला ३० टक्के. इतर स्कोअरची सूत्रं वेगळी असतात, पण कल हाच. ज्याचं कार्ड कायम काठोकाठ भरलेलं, तो पैशांच्या ओढाताणीत असावा असं गणित गृहीत धरतं. तुम्ही ओढाताणीत नाही, हे त्या गणिताला कळायला मार्ग नाही.

तुम्ही म्हणाल, मी तर सगळं बिल भरते, मग हे ८३ टक्के आले कुठून? मेख इथेच आहे. बहुतेक ठिकाणी स्टेटमेंट निघतं त्या दिवशीची बाकी क्रेडिट ब्युरोकडे, म्हणजे सगळ्यांच्या कर्जांच्या नोंदी ठेवून स्कोअर काढणाऱ्या कंपनीकडे, जाते. तुम्ही पैसे भरता ड्यू डेटला, म्हणजे त्यानंतर दोन-अडीच आठवड्यांनी. तोवर तुमचा फोटो काढून झालेला असतो आणि त्यात कार्ड भरलेलं दिसतं. भारतात २०२५ पासून ही माहिती निदान दर पंधरवड्याला पाठवावी लागते, त्यामुळे महिन्यातून एकदाच, तेही अगदी शेवटच्या दिवशी पैसे भरण्याची सवय आणखीच महागात पडते.

यावर उपाय साधा आहे. समजा तुमचं स्टेटमेंट १८ तारखेला निघतं. महिन्याच्या सुरुवातीचा मोठा खर्च झाला की त्याच आठवड्यात २० हजार भरून टाका, आणि १४-१५ तारखेला आणखी १५ हजार. स्टेटमेंट निघेल तेव्हा बाकी १५ हजार असेल, म्हणजे लिमिटच्या २५ टक्के. उरलेलं नेहमीसारखं ड्यू डेटला. खिशातून जाणारे पैसे तेवढेच, फक्त तारखा बदलल्या. बिनव्याजी मुदतीचे काही दिवस तुम्ही सोडता, पण बचत खात्यावर त्या दिवसांचं व्याज मिळून मिळून किती मिळणार? दोन-तीन महिने असं करून बघा. तुमचं बाकी सगळं इतकं स्वच्छ आहे की फरक दिसायला फार वेळ लागू नये.

आता यजमानांची भीती. तुमची माहिती तपासण्याचे दोन प्रकार असतात. बँक स्वतःहून ऑफर देण्यासाठी तपासते ती सॉफ्ट इन्क्वायरी. तिचा स्कोअरवर परिणाम होत नाही. तुम्ही कर्ज किंवा कार्ड मागता तेव्हाची ती हार्ड इन्क्वायरी. ती ब्युरोच्या अहवालात नोंदली जाते. लिमिट वाढीच्या विनंतीला कुठल्या प्रकारची तपासणी होईल हे बँकेवर अवलंबून आहे. म्हणून अर्ज करण्याआधी फोन करून सरळ विचारा, ‘या विनंतीसाठी हार्ड इन्क्वायरी होणार का?’ तशी झाली तरी आभाळ कोसळत नाही. फायकोच्याच सांगण्यानुसार एका हार्ड इन्क्वायरीने बहुतेकांचे पाचपेक्षा कमी गुण जातात, आणि वर्षभरानंतर ती त्यांच्या हिशोबात धरली जात नाही. नुकसान होतं ते एकाच महिन्यात चार ठिकाणी हात पसरल्यावर. आणि ॲपमध्ये लिमिट वाढीची तयार ऑफर दिसत असेल, तर बहुधा आतली तपासणी आधीच झालेली असते. तिथे होकार देणं हा सगळ्यात सोपा मार्ग.

तुम्ही विनंती करावी, असं माझं मत आहे. नियमित वापर, पूर्ण परतफेड आणि लिमिट खरोखर अपुरी, असा अर्ज वाचणाऱ्याला आवडतोच. आमच्यासमोर अर्ज यायचा तेव्हा आधी डोळे जायचे ते परतफेडीच्या पट्टीकडे. महिन्यांचे रकाने, प्रत्येकात तीन आकडे. ००० म्हणजे एक दिवसही उशीर नाही. ०३० म्हणजे तीस दिवस उशीर. सलग ००० दिसले की वाचणारा निम्मा हो म्हणून मोकळा झालेला असतो. मग बघायचं ते बिल पूर्ण भरतात की नुसतं मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान भरायची रक्कम, कार्डावर एटीएममधून रोख काढली आहे का (ती एक नोंद फार वाईट दिसते, कारण महागडं व्याज माहीत असूनही माणूस ते घेतो आहे, म्हणजे घरी काहीतरी अडलं आहे), आणि शेवटी उत्पन्नातला किती हिस्सा हप्त्यांत जातो.

विनंतीत काय लिहावं? मला आठवणारा सगळ्यात चांगला अर्ज जेमतेम पाच ओळींचा होता. त्या गृहस्थांची लिमिट ६० हजारच होती. त्यांनी लिहिलं होतं की कामासाठी सतत प्रवास करावा लागतो, तिकिटं आणि हॉटेल आधी स्वतःच्या कार्डावर, कंपनी महिन्याभराने पैसे परत देते, त्यामुळे घरखर्चाला लिमिट उरत नाही. १ लाख २० हजार करून मिळावी. सोबत पगाराच्या ताज्या स्लिपा. कुठेही विनवणी नव्हती की ‘आपला जुना विश्वासू ग्राहक’ नव्हतं. गरज, आकडा, पुरावा. तो अर्ज मंजूर करायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत.

आकडा मात्र नेमका सांगा. ‘जास्तीत जास्त वाढवा’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. तुमच्यासाठी एक लाख ते एक लाख वीस हजार ही मागणी पटण्यासारखी आहे. पाच लाख मागाल तर पहिला प्रश्न येईल, एवढे कशाला? पगारदार असाल तर शेवटच्या दोन-तीन स्लिपा, स्वतःचा व्यवसाय असेल तर अलीकडच्या वर्षांची आयकर विवरणपत्रं तयार ठेवा. कार्ड घेऊन किंवा मागची वाढ होऊन निदान सहा महिने झालेले असू द्या. पगारवाढीनंतरचा महिना उत्तम. नोकरी बदलल्याचा महिना टाळा.

तुमच्याकडे त्याच बँकेचं दुसरं कार्ड असेल तर एक गोष्ट तपासा. पुष्कळ बँका दोन्ही कार्डांना मिळून एकच लिमिट देतात. दोन कार्डं म्हणजे दुप्पट लिमिट असं समजून चालणारे फार भेटतात.

आणि लिमिट १ लाख २० हजार झाल्यावर खर्चही वाढून एक लाखावर गेला, तर युटिलायझेशन पुन्हा तेच ८३ टक्के. म्हणून वाढ मिळाल्यावर पहिले सहा महिने खर्चाचा आकडा आज आहे तिथेच धरून ठेवा.

प्रश्न : मी लिमिट वाढीची विनंती केली. उत्तर आलं, ‘अंतर्गत धोरणानुसार आपली विनंती मान्य करता येत नाही.’ कार्ड जुनं आहे, पगार चांगला वाढला आहे, कधी काही चुकवलेलं नाही. कस्टमर केअरला विचारलं तर तेच वाक्य वाचून दाखवतात. हा अपमान वाटतो.

उत्तर : वाटणारच. वर्षानुवर्षं नीट वागलेल्या माणसाला कारण न सांगता नाही म्हणणं मला कधीच पटलं नाही, आत असतानाही. अमेरिकेत तुम्ही मागितलेली वाढ नाकारली तर ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, आणि तीत नेमकी कारणं तरी असतात किंवा कारणं मागण्याचा हक्क तरी सांगितलेला असतो. भारतात रिझर्व्ह बँकेच्या नियमांत नव्या कार्डाचा अर्ज नाकारल्यास मुख्य कारण लेखी कळवावं, असं आहे. तुम्हीही फोनवर वाद घालत बसू नका, तक्रार निवारण विभागाला ईमेल करा. विनंती क्रमांक, तारीख आणि एकच प्रश्न : नकाराचं मुख्य कारण काय? लेखी प्रश्नाला बहुधा जरा अधिक नेमकं उत्तर येतं.

पण तुमच्या पत्रातली एक ओळ वाचून मला वाटतं, उत्तर त्या ओळीतच आहे. पगार वाढला हे तुम्हाला ठाऊक आहे, तुमच्या कंपनीला ठाऊक आहे. कार्ड देणाऱ्या बँकेला कोणी सांगितलं? पगार दुसऱ्या बँकेत जमा होत असेल तर या बँकेच्या दप्तरी अजून तेच उत्पन्न आहे जे तुम्ही कार्ड घेताना लिहून दिलं होतं. कितीतरी चांगले अर्ज मी निव्वळ या कारणाने अडलेले पाहिले आहेत. संगणक जुन्या उत्पन्नावर हिशोब मांडतो, त्या उत्पन्नाला तेवढीच लिमिट बसते, आणि उत्तर छापून जातं. माणसापर्यंत फाइल येतच नाही. आधी उत्पन्न, नोकरी आणि पत्ता अद्ययावत करा, त्याची पोच घ्या, आणि मग नवी विनंती.

ते सगळं आधीच केलं असेल तर क्रेडिट अहवाल मागवा. भारतात ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही ब्युरोंकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. चारही मागवा, कारण एकातली चूक दुसऱ्यात असेलच असं नाही. फेडून टाकलेलं कर्ज अजून चालू दिसतं आहे का, तुम्ही कधी न घेतलेलं कर्ज तुमच्या नावावर आहे का, मित्राला जामीन राहिला होतात त्याचे हप्ते थकले आहेत का, हे बघा. खरेदी करताना ‘नंतर पैसे द्या’ म्हणणाऱ्या ॲपवरची छोटी छोटी कर्जंही तिथे वेगवेगळी खाती म्हणून येऊ शकतात आणि लांबून बघणाऱ्याला ती रांग बरी दिसत नाही. चूक सापडली तर ब्युरोकडे हरकत नोंदवा. ३० दिवसांत तिचा निकाल लागला नाही तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, असा नियम २०२४ पासून आहे. हा नियम लोकांना माहीतच नसतो, म्हणून मुद्दाम सांगते.

आणखी एक कारण असतं, त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही : कार्ड फार कमी वापरणं. लाखाच्या लिमिटवर महिन्याला दोन हजार खर्च करणाऱ्याला बँक वाढ का देईल? आहे तीच पडून आहे.

नवी विनंती सहा महिन्यांच्या आत करू नका. मधल्या काळात दुसऱ्या बँकांकडे रागाने अर्ज टाकू नका, एवढं माझं ऐका.

प्रश्न : मी गृहिणी आहे. यांच्या कार्डावरचं ॲड-ऑन कार्ड वापरते. माझ्या कार्डाची लिमिट मला स्वतःला वाढवून मागता येईल का?

उत्तर : नाही. ॲड-ऑनची लिमिट मूळ कार्डातूनच येते, मागायचा हक्कही मूळ कार्डधारकाचाच. शिवाय भारतात ॲड-ऑनच्या वापराची जबाबदारी आणि नोंद मूळ कार्डधारकाच्या नावावर जाते, म्हणजे तुम्ही कितीही काटेकोर वागलात तरी तुमच्या स्वतःच्या नावाला इतिहास तयार होत नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. उद्या काही कारणाने एकटीने कर्ज घ्यायची वेळ आली तर ब्युरोच्या लेखी तुम्ही अस्तित्वातच नसता.

तुमच्या नावावर छोटी मुदत ठेव असेल तर तिच्या तारणावर स्वतःचं कार्ड मिळतं. उत्पन्नाचा पुरावा बहुधा लागत नाही. लिमिट साधारण ठेवीच्या रकमेइतकी किंवा तिच्यापेक्षा थोडी कमी असते, आणि ठेव वाढवली की लिमिटही वाढवून मागता येते. महिन्याचं एखादं ठरलेलं बिल त्यावर टाका, पूर्ण भरा, आणि वर्षभर चालू ठेवा.

प्रश्न : चार महिन्यांनी गृहकर्जाचा अर्ज करायचा आहे. त्याआधी लिमिट वाढवली तर स्कोअर सुधारून फायदा होईल ना?

उत्तर : इतक्या जवळ आल्यावर काहीही नवं मागू नका. गृहकर्ज देणारा अलीकडच्या सगळ्या चौकश्या वाचतो. त्यातून काही देशांत न वापरलेली लिमिटही तुमच्या विरुद्ध धरतात. ऑस्ट्रेलियात कर्ज देणारे तुमच्या कार्डांच्या एकूण लिमिटचे काही टक्के दरमहाचा खर्च म्हणून मोजतात, मग तुम्ही कार्ड कपाटात का ठेवलेलं असेना. स्कोअर सुधारायचा असेल तर पहिल्या उत्तरातला मार्ग धरा, स्टेटमेंट निघण्याआधी बाकी खाली आणा. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

प्रश्न : माझ्याकडे दोन कार्डं आहेत, दोन्ही भरलेली. धंदा मंद आहे. गेले काही महिने मिनिमम ड्यू भरतो आहे, ते मात्र चुकवलेलं नाही. एका कार्डाची लिमिट दोन लाखांची तीन लाख करून मिळाली तर थोडा श्वास घेता येईल. अर्जात काय लिहू म्हणजे मंजूर होईल?

उत्तर : दादा, हा अर्ज करू नका. हे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं, आणि तुम्हाला आवडणार नाही असंच उत्तर देते आहे.

कार्डावर राहिलेल्या बाकीचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असणं भारतात नेहमीचं आहे. वर्षाला ४२ टक्के. एक लाख बाकी धरा. महिन्याचं व्याज ३,५००. त्यावर १८ टक्के जीएसटी, ६३०. झाले ४,१३०. तुम्ही मिनिमम म्हणून ५,००० भरता. मुद्दल कमी झालं फक्त ८७०. पाच हजार भरून एक हजारही फिटत नाहीत. आणि स्टेटमेंटवर ठळक छापलेलं असतं मिनिमम ड्यू, जणू तेवढं भरलं की भागलं.

दुसरी गोष्ट तर बहुतेकांना ठाऊकच नसते. जुनी बाकी पुढे ओढली की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. आज तुम्ही त्या कार्डावर जे घ्याल त्यावर आजपासूनच व्याज. म्हणजे वाढून मिळालेला एक लाख पहिल्या दिवसापासून ४२ टक्क्यांचं कर्ज असेल. त्याने श्वास मिळतो तो दोन-तीन महिन्यांचा, आणि त्यानंतर तीन लाखांचं ओझं.

ऑस्ट्रेलियात २०१९ पासून नियम आहे की कार्डाची लिमिट ठरवताना ती पूर्ण वापरली तर ग्राहक तीन वर्षांत फेडू शकेल का, हे कंपनीने बघायचं. मला हा नियम मनापासून पटतो. तुम्ही स्वतःला हाच प्रश्न विचारा. तीन लाख, तीन वर्षं, व्याजासकट. धंद्याचा आजचा गल्ला पाहता जमेल का?

त्याऐवजी हे करा. दोन्ही कार्डांवरची खरेदी आजपासून बंद. कार्ड रद्द करू नका, फक्त वापरू नका. ज्याचं व्याज जास्त त्या बँकेला आधी फोन करा आणि सगळी बाकी ईएमआयमध्ये बदलून मागा. त्याचा दर कार्डाच्या व्याजापेक्षा बराच कमी असतो. प्रक्रिया शुल्क किती, तेही त्याच फोनवर विचारा. सोनं किंवा ठेव असेल तर तारणावरचं कर्ज याहूनही स्वस्त पडतं. घरात सोनं ठेवून बाहेर ४२ टक्के भरणं हे मला बघवत नाही, पण फार घरांत हेच चालू असतं, कारण घरच्यांना सांगायची लाज वाटते. सांगा. बायकोला, भावाला, जो समजून घेईल त्याला.

बँकेशी बोलायचं ते हप्ता चुकण्याच्या आधी. आज तुमच्या पट्टीवर ००० आहेत, तोवर तुमच्या शब्दाला किंमत आहे. आणि पुढे कोणी ‘थोडे पैसे भरून मिटवून टाका’ असं सुचवलं तर लक्षात ठेवा, अहवालात ते ‘सेटल्ड’ म्हणून राहतं, पूर्ण फेडलं असं नाही, आणि पुढची कितीतरी वर्षं नवं कर्ज मागताना ते आडवं येतं. तो मार्ग अगदी शेवटचा.

काय ठरवलंत ते मला जरूर कळवा.

प्रश्न : वडिलांना फोन आला की तुमच्या कार्डाची लिमिट दुप्पट झाली आहे, चालू करण्यासाठी ओटीपी सांगा. समोरच्याला त्यांचं नाव, बँक, कार्डाचे शेवटचे चार आकडेही माहीत होते. वडिलांनी ओटीपी दिला नाही, पण फोन खरा होता का, असं अजून विचारतात.

उत्तर : खोटा होता. वडिलांना माझा नमस्कार सांगा, त्यांनी अगदी बरोबर केलं.

लिमिट वाढवायला बँकेच्या माणसाला तुमचा ओटीपी तोंडी कधीच लागत नाही. होकार तुम्ही देता तो बँकेच्या ॲपमध्ये, संकेतस्थळावर किंवा बँकेला तुम्ही स्वतः पाठवलेल्या संदेशातून. ओटीपी आलेला संदेश पूर्ण वाचायची सवय लावा. त्यात कशासाठी आहे ते लिहिलेलं असतं, अमुक रकमेची खरेदी, अमुक दुकान. फोनवरचा माणूस लिमिटचं बोलतो आणि संदेशात खरेदीची रक्कम असते, तिथेच तो उघडा पडतो. शेवटचे चार आकडे माहीत असणं हा पुरावा नव्हे. ते पावत्यांवर छापलेले असतात. असेच लोक कधी एखादं ॲप उतरवून घ्यायला सांगतात, ज्यातून तुमची स्क्रीन त्यांना दिसते. तेही नाही.

कुणाच्या घरी चुकून ओटीपी दिला गेलाच, तर रागावण्यात वेळ घालवू नका. आधी ॲपमधून कार्ड ब्लॉक करा, मग बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. तुम्ही बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं असतं, त्यामुळे प्रत्येक मिनिट मोलाचं. तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा.

प्रश्न : माझं उलटं आहे. बँकेचे मेसेज येतात, लिमिट तीन लाख करून घ्या. मला नको आहे. ऑनलाइन खरेदीवर माझा ताबा राहत नाही, आहे ती दीड लाखाची लिमिटच कमी करून हवी आहे. असं मागता येतं का? स्कोअर बिघडेल का?

उत्तर : मागता येतं, आणि स्वतःला ओळखून असं मागणाऱ्या माणसाचं मला फार कौतुक वाटतं.

त्या मेसेजना उत्तर देणं बंधनकारक नाही. भारतात रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार तुमच्या संमतीशिवाय लिमिट वाढवता येत नाही, कॅनडात २०१० पासून हेच आहे, आणि ऑस्ट्रेलियाने तर २०१८ पासून अशी न मागितलेली आमंत्रणं पाठवायलाच बंदी केली. काहीच केलं नाही तर लिमिट आहे तिथेच राहायला हवी. फक्त ॲप उघडताना समोर येणाऱ्या खिडकीवर घाईत होकार दाबला जात नाही ना, तेवढं बघा. मेसेज नको असतील तर जाहिरातीचे संदेश बंद करा, असं बँकेला लेखी कळवा.

लिमिट कमी करायची विनंती ॲपमधून किंवा ईमेलने करता येते. पण त्याआधी एक सौम्य उपाय बघा. बहुतेक ॲपमध्ये ऑनलाइन खरेदी, परदेशी व्यवहार आणि दुकानातला वापर यांची वेगवेगळी बटणं असतात, आणि प्रत्येकाला स्वतःची मर्यादा लावता येते. ऑनलाइनची मर्यादा पाच हजारांवर आणून ठेवा. बँकेकडे लिमिट दीड लाखच राहील, स्कोअरला धक्का नाही, आणि रात्री अकराला मोह झाला तरी व्यवहार पुढे जाणार नाही. मर्यादा बदलायचं काम घरात दुसऱ्या कोणाकडे देता आलं तर उत्तम.

तेवढ्याने भागलं नाही तर लिमिट खरोखर उतरवा. आकडा ठरवताना महिन्याच्या नेहमीच्या खर्चाच्या निदान तिप्पट राहील असा ठेवा, म्हणजे युटिलायझेशन तीसेक टक्क्यांच्या वर जाणार नाही. महिन्याला २० हजार लागत असतील तर ६० हजार. विनंती करण्याआधी बाकी पूर्ण भरून टाका, चालू ईएमआय असतील तर त्यांनी किती लिमिट अडवून ठेवली आहे ते विचारा, आणि नवी लिमिट पुढच्या स्टेटमेंटवर छापून आली आहे का ते तपासा.